आधी ॲम्प घ्या, गिटार नंतर!

गेल्या महिन्यात जिमखान्याच्या नोटीस बोर्डावर एक कागद लागला. 'म्युझिक क्लबसाठी नवीन बेस गिटार घेण्याचा प्रस्ताव आहे. रक्कम रु. ४५,०००. सूचना असल्यास लेखी द्याव्यात.' खाली जी.एस.ची सही आणि त्याच्याही खाली कुणीतरी पेन्सिलने लिहिलेलं, 'आधी मेसचा पंखा दुरुस्त करा.'

पंख्याबद्दल माझं काही म्हणणं नाही (म्हणजे आहे, पण ते इथे नको). गिटारबद्दल मात्र आहे. लेखीच द्यायचं तर मराठी विभागात द्यावं असं माझ्या रूममेटचं मत. ती या विभागाची सहसंपादक आहे, त्यामुळे ते मत कमी आणि हुकूम जास्त. मी शिकले कॉन्व्हेंटमध्ये. मराठी हा आमच्याकडे एक शंभर मार्कांचा पेपर होता, बाकी मराठी आजीकडून आणि टी.व्ही.वरून. तेव्हा वेलांट्या चुकल्या तर त्या रूममेटच्या, मुद्दे चुकले तर माझे.

तर मुद्दा असा, की क्लबने बेस गिटार घेऊ नये. त्या पैशांत एक बऱ्यापैकी बेस ॲम्प्लिफायर घ्यावा आणि कपाटात पडलेली जुनी गिटार नीट सेटअप करून घ्यावी. हे माझं मत कुठल्या पुस्तकातलं नाही. स्वतःचे पैसे घालवून मिळवलेलं आहे!

झालं असं, की एफ.ई.ची परीक्षा संपली त्या सुट्टीत मी नाशिकला आठवी-नववीच्या मुलांच्या ट्यूशन्स घेतल्या. आईने तिच्या आर.डी.मधून भर घातली. एकूण अडतीस हजार जमले. त्यातून मी एक बेस घेतला. मोठ्या नावाचा, चकचकीत, लाल. नाव सांगत नाही, कारण दोष त्याचा नव्हता. दोष माझा, की माझ्या डोक्यात हेडस्टॉकवरची अक्षरं होती. दुकानदार आधी म्हणाला, "मॅडम, तुमचे हात छोटे आहेत, युकुलेले बघा ना." मग तर मला तो लाल बेसच घ्यायचा होता. रागाच्या भरात खरेदी करू नये हे आई भाजीच्या बाबतीत सांगते, ते इथेही लागू आहे.

हाताचं म्हणाल तर साध्या बेसची तार नटपासून ब्रिजपर्यंत ३४ इंच असते. जड वाटली तर ३० इंचांचे शॉर्ट स्केल बेसही मिळतात. आणि आपल्या मुंबईत वाढलेली मोहिनी डे, जिचा जन्म १९९६ चा, ए. आर. रहमान यांच्याबरोबर वाजवून आज जगभर फिरते. तिला कुणी युकुलेले दाखवली होती का ते विचारायला हवं.

असो. बेस आला, पैसे संपले. ॲम्पसाठी उरले साडेतीन हजार. त्यात दहा वॉटचा, साडेसहा इंची स्पीकरचा एक डबा आला. हॉस्टेलच्या खोलीत तो छान वाजायचा. सेकंड इयरला आमच्या बँडने एका इंटरकॉलेज स्पर्धेत भाग घेतला. मी तो डबा घेऊन गेले, कारण आयोजक म्हणाले होते बेस ॲम्प "बहुतेक" असेल. नव्हता. ड्रमर पहिल्या 'वन टू थ्री फोर'ला जो सुटला, त्यानंतर सहा मिनिटं मला माझा स्वतःचा एकही स्वर ऐकू आला नाही. मी व्हॉल्यूम वाढवला. डबा फरफरला. मग तिथे पडलेल्या एका लीड गिटारच्या ॲम्पमध्ये वायर घातली, तर दुसऱ्या गाण्यात त्या स्पीकरचा कोन फाटला. नुकसानभरपाई आम्ही पाच जणांनी वाटून दिली. परीक्षकांच्या शेऱ्यात लिहिलं होतं, 'बेस नसतानाही प्रयत्न चांगला.' बेस नसतानाही! मी सहा फुटांवर उभी होते हो, लाल बेस गळ्यात घालून.

परत येताना डोक्यात एकच प्रश्न. असं का झालं? आणि ई.एक्स.टी.सी.ला असून मला हे आधी का कळलं नाही?

उत्तर आपल्या सिलॅबसमध्येच आहे. बेसच्या चार तारा ई, ए, डी, जी. सगळ्यांत जाड ई तार मोकळी वाजवली की ४१.२ हर्ट्झ. लीड गिटारची सगळ्यांत बारीक मोकळी तार ३३० हर्ट्झच्या आसपास, म्हणजे बरोबर तीन सप्तकं वर. इतका खालचा स्वर ऐकू येण्यासाठी भरपूर हवा ढकलावी लागते. साडेसहा इंची कोन ती ढकलू शकत नाही. मग खोलीत तो 'छान' कसा वाजायचा? कारण मूळ ४१ न वाजताही त्याचे दुपटी-तिपटीचे हार्मोनिक्स, ८२ आणि १२४, वाजत असतात आणि खालचा स्वर आपला मेंदू स्वतःच भरून काढतो. मोबाईलच्या एवढ्याशा स्पीकरवर गाण्यातला बेस 'ऐकू' येतो तो असाच. पण ड्रम्स सुरू झाले की ते हार्मोनिक्सही झाकले जातात आणि मेंदूचा उदारपणा संपतो.

दुसरं, वॉटचं गणित. १५ वॉटचा ॲम्प सोडून ३० चा घेतला तर आवाज दुप्पट होईल असं दुकानात सगळ्यांना वाटतं. पॉवर दुप्पट केली की वाढतात फक्त ३ डेसिबल. कानाला साधारण दुप्पट वाटायला १० डेसिबल, म्हणजे दहापट पॉवर लागते. त्यामुळे लीडवाला ३० वॉटमध्ये सुखी असतो आणि त्याच्या शेजारी उभ्या बेसवाल्याला शंभराच्या खाली भागत नाही. हा अन्याय आहे, पण तो निसर्गाने केलेला आहे, जिमखान्याने नाही.

लीडच्या ॲम्पमध्ये बेस घालू नये हेही त्यातूनच येतं. त्या ॲम्पचा डबा बहुधा मागून उघडा असतो. खालच्या स्वराला कोन खूप मागेपुढे हलतो आणि त्याला धरायला बंद डब्यातली हवा नसते. हे मी पाच जणांच्या पैशांनी शिकले. तुम्ही फुकट शिका.

मग मी तो लाल बेस विकला. एका ज्युनियरला, सव्वीस हजारांत. बारा हजारांचं शिक्षण झालं म्हणायचं. त्यातून काय घ्यावं यासाठी दोन महिने फिरले. धोबी तलावचं फुर्ताडोस, जे १८६५ पासून आहे, बांद्र्याचं भार्गवाज, आणि वापरलेली वाद्यं विकणारे लोक बोरिवलीपासून घाटकोपरपर्यंत. दुकानातले लोक तासभर वाजवू देतात, फक्त संध्याकाळच्या गर्दीत जाऊ नये. माझी पद्धत एकच होती. सगळे बेस एकाच ॲम्पवर, टोनची सगळी बटणं मध्यावर, तेच चार बार. आणि मैत्रिणीला सांगायचं, पाठ करून उभी राहा आणि कुठला आवडला ते सांग.

पाठ फिरवलेल्या मैत्रिणीला यामाहाचा टीआरबीएक्स १७४ आणि त्याहून खूप महाग बेस यांत फरक सांगता आला नाही असं मी म्हणणार नाही. आला. पण तोच यामाहा छोट्या आणि मोठ्या ॲम्पवर वाजवल्यावर तिने न विचारता मान वळवून बघितलं, की आता कोणता घेतलास? हा जो फरक आहे ना, तेवढंच माझं म्हणणं आहे.

शेवटी सेकंड हँड टीआरबीएक्स १७४ घेतला. तो पॅसिव्ह आहे, म्हणजे आत सेल नाही. आयबानेझचा जीएसआर २०० देखील आवडला होता, त्यात बेस बूस्टसाठी ९ व्होल्टची बॅटरी असते. ॲक्टिव्ह सर्किटवाल्या बेसमध्ये वायर खोचून ठेवली की बॅटरी हळूहळू उतरत राहते. हॉस्टेलवर वस्तू जागेवर ठेवायची सवय किती जणांना आहे ते सर्वांना माहीत आहे. कॉमन वापरासाठी पॅसिव्हच बरा. उरलेले पैसे आणि पुढच्या सुट्टीच्या ट्यूशन्स मिळून एक वापरलेला फेंडर रंबल ४० घेतला. चाळीस वॉट, दहा इंची स्पीकर, वजन आठ किलोच्या आसपास. मुलुंडला मावशीकडे सराव करायचे तेव्हा तो घेऊन मुलुंड ते घाटकोपर लोकलने आणि पुढे मेट्रोने अंधेरी असा प्रवास मी एकटीने केलेला आहे. लेडीज डब्यात एका काकूंनी विचारलं, "काय गं, मिक्सर आहे का?"

चाळीस वॉट पूर्ण बँडला कमीच पडतात. पण त्याला मागे एक एक्सएलआर आउट आहे. तिथून वायर सरळ साउंडवाल्याच्या मिक्सरला जाते आणि ॲम्प फक्त मला ऐकू येण्यापुरता राहतो. हेडफोनचं भोकही आहे, त्याबद्दल पुढे सांगते.

आता क्लबच्या जुन्या गिटारबद्दल. ती कपाटात आहे, काळी, कुठल्याशा माजी विद्यार्थ्याने दिलेली. सगळे म्हणतात ती 'डेड' आहे, बोटं कापली जातात, वरचे स्वर बेसूर लागतात. म्हणून नवीन हवी. मी ती जिमखान्याच्या परवानगीने एक दिवस बाहेर काढली आणि कलिन्याच्या एका अंकलकडे नेली. हे अंकल चाळीस वर्षं गिटारी दुरुस्त करताहेत. त्यांनी एक डोळा मिटून मानेकडे बघितलं आणि म्हणाले, "ही डेड नाय, हिचा सेटअप कोणी केलाच नाय. पहिला सेटअप कर, मंग शिव्या दे."

बेसच्या चार तारा मिळून मानेवर साधारण ७५ किलोचा ताण असतो. एक माणूस चोवीस तास लटकलेला आहे असं समजा. त्याला तोंड द्यायला मानेच्या आत एक लोखंडी सळई असते, ट्रस रॉड. मुंबईच्या पावसात लाकूड ओल धरतं, मे महिन्यात सोडतं, आणि मान हलते. तपासायची पद्धत सोपी आहे. पहिल्या आणि शेवटच्या फ्रेटवर तार एकदम दाबायची आणि मधोमध, सातव्या-आठव्या फ्रेटपाशी, तार आणि फ्रेट यांच्यात फट बघायची. एक व्हिजिटिंग कार्ड जेमतेम जाईल इतकी हवी. क्लबच्या गिटारमध्ये दोन एटीएम कार्डं एकावर एक जात होती! अंकलनी ॲलन की पाव फेरा फिरवली, दहा मिनिटं थांबले, चहा पाजला, परत पाव फेरा. घाई करून एकदम फिरवली तर रॉड तुटतो आणि मग गिटार खरंच डेड.

त्यानंतर ब्रिजवरच्या सॅडल्स खाली घेऊन तारांची उंची कमी केली, सतराव्या फ्रेटवर दोन-सव्वादोन मिलीमीटर. आणि मग बेसूरपणा. बाराव्या फ्रेटवर तारेला नुसता स्पर्श करून हार्मोनिक वाजवायचा, मग त्याच फ्रेटवर दाबून वाजवायचं. दोन्ही ट्यूनरवर सारखे यायला हवेत. दाबलेला स्वर चढा असेल तर सॅडल मागे सरकवायची, उतरा असेल तर पुढे. स्क्रू-ड्रायव्हर आणि मोबाईलवरचा फुकट ट्यूनर, एवढंच सामान. बेसूरपणाच्या तक्रारीवर वर्षभर क्लबच्या मीटिंगा झाल्या, तो चारही तारांवर मिळून वीस मिनिटांत गेला.

तारा मात्र नवीन हव्यात. पैसे नसतील तर एक हॉस्टेली उपाय आहे. जुन्या तारा काढून दहा मिनिटं पाण्यात उकळा. मळ आणि घाम निघतो आणि काही दिवस आवाजाला चकाकी येते. आम्ही त्या मॅगीच्या किटलीत उकळल्या. नंतरच्या मॅगीबद्दल रूममेटने जे मत दिलं ते छापण्यासारखं नाही.

आता रेक्टर मॅडम, आणि ज्यांना रात्री झोप लागत नाही ते सगळे, तुमच्यासाठी. मागच्या सेमिस्टरला खोलीत ॲम्प वाजवायला बंदी आली. आमच्यातल्या काहींनी मोबाईलवर आवाज मोजून दाखवला. ध्वनी प्रदूषण नियम, २००० प्रमाणे निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री १० नंतर ४५ डेसिबलची मर्यादा, बघा मॅडम, आम्ही आतच आहोत! मॅडम म्हणाल्या, "मग माझ्या टेबलावरचा ग्लास का थरथरतो?"

मॅडम बरोबर होत्या. मीटरमध्ये माणसाच्या कानाप्रमाणे 'ए वेटिंग' असतं आणि ४० हर्ट्झला ते जवळजवळ ३५ डेसिबल वजा करून दाखवतं. म्हणजे आकडा लहान आणि हादरा मोठा. शिवाय भिंत जितका वरचा आवाज अडवते तितका खालचा अडवत नाही. ढोबळ हिशेबाने एक सप्तक खाली गेलं की अडवणं ६ डेसिबलने कमी. तीन सप्तकं खाली म्हणजे १८. लीड गिटार भिंतीत अडते, बेस शेजारणीच्या उशीपर्यंत जातो. आणखी गंमत सांगते. आपल्या खोलीची लांबी बारा फूट. तेवढ्या खोलीत ४७ हर्ट्झच्या आसपास स्टँडिंग वेव्ह तयार होते. ई तारेच्या दुसऱ्या फ्रेटवरचा एफ शार्प ४६.२ हर्ट्झ. तो वाजला की आमची खिडकी आपोआप टाळ्या वाजवते. वाजवणारीला वाटतं, काय जबरदस्त बेस आहे! तो बेस नसतो, खोली असते.

म्हणून बंदीच्या बाजूने मी मत देते. खोलीत स्पीकर नको, हेडफोन चालावेत. आणि आवाज काढायला म्युझिक रूम उघडी मिळावी, सध्या आठवड्यातून दोनदा मिळते ती रोज ५ ते ९. बंदी हवी तर जागाही हवी ना! या शहरात वाजवायला जागा मिळणं हीच खरी मारामारी आहे. १९८६ मध्ये इंडिपेंडन्स रॉक सुरू झाला तो धोबी तलावच्या रंगभवनात. तिथे शेजारी हॉस्पिटल आणि कॉलेज, त्यामुळे तो भाग शांतता क्षेत्रात गेला आणि रंगभवनातल्या मैफली बंद झाल्या. ज्या शहरात आर. डी. बर्मन यांच्या वाद्यवृंदात टोनी वाझ बेस वाजवायचे, तिथे आता ज्याच्याकडे स्वतःची साउंडप्रूफ खोली त्याचाच बेस. आपल्याकडे खोली आहे, तळमजल्यावर, वर्कशॉपच्या मागे, शेजारी कुणी नाही. तिच्यात फक्त ॲम्प नाही.

जी.एस.चं म्हणणं मला माहीत आहे. ब्रँडेड गिटार स्टेजवर दिसते, फोटोत येते, स्पॉन्सरला दाखवता येते. ॲम्प म्हणजे काळा डबा, तो मागे असतो. हे खरं आहे. परंतु गिटार ही एका वेळी एकाची असते. क्लबमध्ये आज बेस वाजवणारे चार जण आहेत आणि चौघांकडे स्वतःची गिटार आहे, कुणाची बरी, कुणाची तशीच. धड ॲम्प एकाकडेही नाही, माझा धरून. प्रत्येक बॅचमध्ये कुणीतरी माझ्यासारखं साडेतीन हजारांचा डबा घेतं आणि फायनल इयरला ज्युनियरला विकतं. हे डबे हॉस्टेलमध्ये वर्षानुवर्षं फिरताहेत. त्या सगळ्यांच्या किमतीची बेरीज केली तर एक चांगला ॲम्प आला असता.

लिओ फेंडरने १९५१ मध्ये प्रिसिजन बेस बाजारात आणला. त्याच्या आधी हे काम माणसाएवढा उंच डबल बेस करायचा, जो उचलायला जड आणि बँडमध्ये ऐकू येत नसे. हा फेंडर मूळचा रेडिओ दुरुस्त करणारा. त्याला स्वतःला गिटार वाजवता येत नव्हती! त्याने बेस बनवला आणि लगेच त्यासाठी वेगळा ॲम्पही काढला. रेडिओवाला होता, त्याला माहीत होतं की नुसती गिटार म्हणजे चार तारा लावलेली फळी.

तेव्हा माझी लेखी सूचना अशी. पंचेचाळीस हजारांत नवा चाळीस वॉटचा किंवा वापरलेला शंभर वॉटचा बेस ॲम्प बघावा. लाइन आउट आणि हेडफोन दोन्ही असलेला. शक्यतो वापरलेला शंभर वॉटचाच, पण घेण्याआधी अर्धा तास मोठ्याने वाजवून, फरफर येते का ते ऐकून. उरलेल्यात दोन सेट तारा, एक चांगली वायर, कपाटात ठेवायला सिलिका जेल. आणि म्युझिक रूमचा प्लग पॉइंट. त्याला अर्थिंग नाही. तारांना हात लावला की ॲम्पची गुणगुण कमी होते, तेव्हा खुश होऊ नका, घाबरा. इलेक्ट्रिकलच्या एखाद्या सरांनी तो एकदा बघावा ही वेगळी विनंती. तिसरी पिन कापून टू-पिन करणाऱ्या महाभागाचं नाव मला माहीत आहे.

पटत नसेल तर येत्या शुक्रवारी ५ वाजता म्युझिक रूममध्ये या. माझा लाल बेस ज्या ज्युनियरने घेतला तो तो आणणार आहे, मी रंबल आणि जुना डबा आणते, क्लबची काळी गिटार आहेच. तुम्ही पाठ करून बसायचं, आम्ही वाजवणार, चिठ्ठ्या टाकायच्या. रेक्टर मॅडमही येते म्हणाल्या आहेत. येताना कुणाकडे ॲलन कीचा सेट असेल तर आणा, क्लबचा हरवला आहे.